मोडी वाचणारा कोणी आहे का?

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या महसूल कचेऱ्यांना एक वेगळीच टंचाई जाणवली. जुनी अक्षरे वाचणारी माणसे पुरेनात. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी गावी २९ ऑगस्टला मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले होते. १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर आंदोलन राज्यभर पसरले आणि ७ सप्टेंबरला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामाच्या काळातल्या दप्तरांत कुणबी नोंदी कुठे आहेत, ते समितीला शोधायचे होते. रेकॉर्ड रूममधले बस्ते सुटले. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळांच्या नोंदवह्या, १९५१ चे राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची वही, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे असे सगळे बाहेर आले. त्यातला बराच मजकूर मोडीत होता, बराच उर्दूत आणि काही फारसीत. ३१ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने पहिला अहवाल स्वीकारला तेव्हा १ कोटी ७२ लाख कागद तपासून ११,५३० नोंदी मिळाल्याचे सांगण्यात आले. काम तिथे संपले नाहीच. त्या हिवाळ्यात ‘मोडी वाचणारा कोणी आहे का?’ हा प्रश्न कचेऱ्यांतून, वकिलांच्या टेबलांवरून आणि गावातल्या पारांवरून सारखा विचारला जात होता.

आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला त्या प्रसंगात दुसरेच काही दिसले. भाषा घेऊन पोट भरत नाही, असे ज्या जिल्ह्यात घरोघरी बोलले जाते, त्याच जिल्ह्यातून उठलेल्या एका मागणीने भाषेचे एवढे मोठे काम महिन्याभरात उभे केले. मात्र माझ्या ओळखीतल्या, मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलामुलींत मोडीचा सलग कागद वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. काम दारात आले आणि आमची पोरे अभ्यासिकेत चालू घडामोडी पाठ करत बसली होती.

हे पुस्तक त्या पोरांसाठी आहे. जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू किंवा संस्कृत घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्यांसाठी, आणि एम.ए.च्या अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाचा पेपर लागल्यावर ‘हे कशाला असतं सर?’ असे विचारणाऱ्यांसाठी. त्यांतले बहुतेक मंठा, घनसावंगी, जाफराबादकडच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. भाषा हा विषय त्यांनी आवडीने निवडलेला असतोच असे नाही. विज्ञानाला गुण कमी पडले, कॉलेज गावाजवळ होते, किंवा स्पर्धा परीक्षेला वेळ मिळेल असे कोणीतरी सांगितले, म्हणून ते आलेले असतात. मुली जास्त असतात. त्यांच्या बाबतीत ‘लग्नापर्यंत शिकू दे’ हे कारणही असते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण कारण काहीही असो, तीन किंवा पाच वर्षे भाषेच्या सहवासात काढल्यावर माणसाच्या हाती काही कसब आले पाहिजे. ते येत नाही, यात विद्यार्थ्याचा दोष थोडा आणि आम्हा मास्तरांचा जास्त.

आम्ही त्यांना एकच वाट दाखवली. एम.ए. कर, नेट किंवा सेट काढ, प्राध्यापक हो. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, तिचा निकाल किती टक्क्यांचा लागतो ते विद्यार्थ्यांना पाठ असते. पण निकालानंतर जागा कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही. अनुदानित महाविद्यालयांत भाषेचा एक शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा भरली जाईपर्यंत वर्षे जातात. तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात त्यावर, नेट झालेला, पीएच.डी. झालेला माणूस तासाच्या हिशेबाने शिकवतो. मानधन कधी सहा महिन्यांनी येते, उन्हाळ्यात येतच नाही. आणि कायम जागा निघाली की मुलाखतीच्या आधी कसल्या आकड्यांची कुजबुज सुरू होते, ते मराठवाड्यातल्या वाचकाला मी सांगायला नको. या वाटेवर जाऊच नका, असे हे पुस्तक म्हणत नाही. ज्याला शिकवण्याची खरी ओढ आहे त्याने जावे. पण वर्गातल्या साठांपैकी साठांनी एकाच खुर्चीकडे पाहत बसणे, याला मी नियोजन म्हणणार नाही.

भाषेचे काम म्हणजे शिकवण्याचे काम, हे समीकरण तसे अलीकडचे आहे. या जिल्ह्याच्याच इतिहासात डोकावून पाहावे. भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईचे रणांगण आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्या दिवशी वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा एक तरुण होता. वय २३, अजून चोविसावे पूर्ण व्हायचे होते, आपल्या एम.ए. दुसऱ्या वर्षाच्या पोरांएवढाच. तो शिपाई नव्हता. फारसी येत होती, देशी दरबारांशी बोलणी करता येत होती, म्हणून सेनापतीच्या दिमतीला दुभाषी आणि राजकीय सहायक म्हणून त्याला घेतलेले होते. पुढच्याच वर्षी तो नागपूरला रेसिडेंट झाला, मग पुण्याला, आणि १८१९ ते १८२७ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे काम त्याच काळात सुरू झाले आणि कोश १८३१ मध्ये छापून निघाला. एल्फिन्स्टनचे मी कौतुक करतो आहे असे समजू नये. ते ज्ञान आपले राज्य बुडवायला वापरले गेले. पण भाषा येणारा माणूस सत्तेच्या किती जवळ बसतो, हे त्या बेचक्यात उभे राहून ज्याने त्याने एकदा मनाशी घोळवावे.

आणि परकेच कशाला, घनसावंगी तालुक्यातल्या जांबला जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनाच्या क्रियेलाच वाहिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा सारख्या याव्यात, लेखणी, शाई, कागद कसे सांभाळावेत, हे तिथे कारागिराच्या बारकाईने सांगितले आहे. परमार्थाच्या ग्रंथात हे कशाला, असे एम.ए.च्या वर्गात मुले विचारतात. ज्या काळी पोथी हाताने उतरवूनच टिकत होती त्या काळी लेखकू हा एक धंदा होता, आणि धंद्याला शिस्त लागते, एवढेच त्याचे उत्तर. त्या समासाकडे आम्ही अध्यात्म म्हणून पाहतो, व्यवसाय-मार्गदर्शन म्हणून कधी पाहिले नाही.

या पुस्तकाचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. भाषेला जोड हवी. नुसती मराठी, नुसती हिंदी, नुसती उर्दू घेऊन बाहेर पडलेला पदवीधर रोजगाराच्या बाजारात उघडा पडतो. तीच मराठी मोडीला जोडा, कायद्याला जोडा, शेतीला जोडा, संगणकाला जोडा, शेजारच्या दुसऱ्या भाषेला जोडा, मग कामे दिसू लागतात. आणि ही जोड एम.ए. झाल्यावर लावायची नसते, बी.ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच ठरवावी लागते. कारण नोकऱ्यांचे नियम मागे वळून बघतात.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत हिंदी अनुवादकांची पदे असतात, ती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून भरली जातात. सरकारी बँकांत राजभाषा अधिकारी असतात. दोन्हींसाठी ढोबळ अट अशी की हिंदी घेऊन एम.ए. केलेल्याने पदवीला इंग्रजी हा विषय घेतलेला असावा, किंवा इंग्रजी घेऊन एम.ए. केलेल्याने पदवीला हिंदी. आता आमचा विद्यार्थी काय करतो? इंग्रजी अवघड म्हणून बी.ए.ला ती जमेल तितकी टाळतो, हिंदी घेऊन एम.ए. प्रथम श्रेणीत होतो, आणि चोविसाव्या वर्षी जाहिरात वाचताना त्याला कळते की विसाव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयाने हे दार बंद झाले आहे. हे सांगणारे कोणी प्रवेशाच्या रांगेत उभे नसते. तिथे फक्त कोणत्या विषयाला जागा शिल्लक आहेत, तेवढे सांगितले जाते.

टंकलेखनाची गोष्ट याहून साधी आणि म्हणून जास्त चीड आणणारी. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. मराठीचा द्विपदवीधर, ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहिलेला, आणि अर्ज बाद. कारण ३० शब्दांचा कागद नाही. लघुलेखनाचे तर विचारूच नका. न्यायालयांना आणि कार्यालयांना मराठी लघुलेखक हवे असतात आणि त्या वर्गांना मुले जात नाहीत. तेव्हा माझे पहिले सांगणे असे की ज्याला आपण भाषेचा विद्यार्थी म्हणवतो त्याने बी.ए.च्या पहिल्या वर्षात युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलकावर न बघता मराठी टंकित करायला शिकावे. फोनवर अंगठ्याने इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवता येते, ते टंकलेखन नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली पुस्तके, ग्रामपंचायतींचे ठराव, सहकारी संस्थांचे अहवाल युनिकोडमध्ये आणणे, त्यांतले शुद्धलेखन नीट करणे, हे काम आजही पडून आहे आणि त्याचे पैसे मिळतात. फार नाही मिळत, पण बी.ए. करताना खोलीभाडे निघेल इतके मिळतात.

आता मोडीकडे परत येतो. मोडीची अक्षरओळख पंधरा दिवसांत होते. पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था तिचे वर्ग घेतात. पण आधी सलग रेघ ओढून, हात न उचलता, कारकुनाने घाईत लिहिलेला खरा कागद वाचायला महिनोन् महिने डोळे शिणवावे लागतात. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, शब्द तोडलेले नसतात, संक्षेप असतात, आणि शब्दसंपत्ती निम्मी फारसी असते. इथेच मराठीच्या विद्यार्थ्याला जो फायदा आहे तो दुसऱ्या कोणाला नाही: बखरी, पत्रव्यवहार, जुने गद्य त्याने अभ्यासलेले असते. मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागाचे प्रमुख राहिलेले यू. म. पठाण यांनी बखरींतल्या फारसीवर काम केले, हस्तलिखिते गोळा केली. ती परंपरा घरची आहे.

निजामी राजवटीमुळे आपल्याकडे आणखी एक पदर आहे. महसुलाचा कारभार उर्दूत होता, आणि त्यातला हाताने लिहिलेला मजकूर अनेकदा शिकस्ता वळणाचा, म्हणजे छापील उर्दू वाचणाऱ्यालाही सहज न लागणारा. जालना शहरात उर्दू शाळा आहेत, उर्दू घेऊन पदवीधर होणारी मुले आहेत. एकाच कॉलेजात मराठीचा वर्ग आणि उर्दूचा वर्ग शेजारी भरतो आणि दोघांची एकमेकांशी गाठ फक्त सायकल स्टँडवर पडते. मराठीच्या मुलीने उर्दू लिपी शिकावी, उर्दूच्या मुलाने मोडी शिकावी, आणि दोघांनी मिळून सातबाराचा मागचा इतिहास वाचून द्यावा. वारसाहक्काचे, इनामी जमिनींचे, वक्फच्या मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या वकिलांना हे काम रोज लागते. आरक्षणाचा प्रश्न उद्या कसाही सुटो, जमिनीचे तंटे सुटणार नाहीत. यात एक इशारा मात्र देऊन ठेवतो. २०२३ सारखी लाट आली की चार महिने मागणी असते, मग ओसरते. शिवाय एका अक्षराच्या वाचनावर कोणाचा दाखला, कोणाची जमीन ठरते, म्हणून दबाव येतो, आमिषही येते. कागदात जे नाही ते वाचून देणाऱ्याची या धंद्यात पत एकदा गेली की परत येत नाही.

कोर्टाचे नाव निघालेच आहे. जिल्हा न्यायालयात कामकाज बरेचसे मराठीत चालते, अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते, आणि तिथे मराठी कागदांना बहुतेकदा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते भाषांतर कोण करते? वकिलाचा कारकून, जमेल तसे. उलट दिशेने, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल भारतीय भाषांत आणण्यासाठी २०१९ पासून सुवास हे यंत्रानुवादाचे साधन वापरात आले आहे. पण यंत्राने केलेला मसुदा तपासायला माणूस लागतोच. शासनाचे भाषा संचालनालय १९६० पासून अधिनियमांचे मराठी अनुवाद आणि परिभाषा कोश करत आले आहे, तिथेही अनुवादक असतात. बी.ए. मराठी झाल्यावर एलएल.बी. करणारी मुलगी मला या जिल्ह्यात सर्वांत सुरक्षित दिसते. माझे हे मत या पुस्तकातल्या इतर लेखकांना मान्य नाही, त्यांनी त्यांच्या प्रकरणांत खोडून काढावे.

जालना सोन्याचा पाळणा, असे जुनी माणसे म्हणत. आज पाळण्यात काय आहे? एक बियाणे, दुसरे लोखंड. १९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळाले. नंतर बियाण्यांच्या कंपन्यांची रांगच लागली. या कंपन्यांचा माल मराठवाड्यापुरता थांबत नाही. तेलंगणात, कर्नाटकात, गुजरातेत, मध्य प्रदेशात जातो. पिशवीवरचा मजकूर, लागवडीची पत्रिका, दुकानदाराला द्यायची माहिती, शेतकऱ्याच्या फोनला द्यायची उत्तरे, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे व्हिडिओ, हे सगळे भाषेचे काम आहे. ते सध्या कृषी पदवीधर करतात, आणि त्यांची मराठी वाचली की पेरणी पुढे ढकलावीशी वाटते.

ही थट्टा झाली. पण कीटकनाशकांच्या बाबतीत थट्टा करता येत नाही. कीटकनाशके नियम, १९७१ प्रमाणे प्रत्येक डब्यासोबत माहितीपत्रक द्यावे लागते, आणि ते हिंदी, इंग्रजी व विक्रीच्या भागातल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत असावे लागते. म्हणजे कायद्याने मराठी तिथे आहे. प्रत्यक्षात ते पत्रक घडीवर घडी घालून बाटलीला बांधलेले असते, अक्षर मुंगीएवढे, आणि मराठी अशी की शब्दकोश घेऊन बसावे. विषबाधा झाल्यावर काय करायचे, हे सांगणारे वाक्य चार ओळींचे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती: मास्क-हातमोजे नव्हते, औषधे एकात एक मिसळली गेली, कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती. सगळा दोष पत्रकाच्या भाषेवर घालणे खोटेपणाचे होईल. पण फवारणाऱ्याला कळेल असे, आणि वाचता न येणाऱ्यालाही चित्रांतून समजेल असे पत्रक लिहिणे हे कोणाचे शिक्षण आहे? माझ्या मते ते भाषेच्या विद्यार्थ्याचे आहे. ‘फवारल्यावर इतके दिवस भाजी तोडू नका’ असे सरळ वाक्य लिहिता येण्यासाठी विषय समजून घ्यावा लागतो, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बसावे लागते, आणि आपल्या आईला ते वाचून दाखवून तिला कळले का हे तपासावे लागते. या पुस्तकात अशा पत्रकांच्या पुनर्लेखनाचा एक लांबलचक सराव दिला आहे. तो मला सगळ्या पुस्तकात महत्त्वाचा वाटतो.

लोखंडाच्या कारखान्यांविषयी थोडक्यात. सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर काम करतात. भट्टीजवळची सुरक्षेची सूचना त्यांना समजेल अशा हिंदीत, मोठ्या चित्रांसह असावी, तोंडी प्रशिक्षण त्यांच्या बोलीत असावे, हे कोणालाही पटेल. हिंदीच्या विद्यार्थ्यांनी प्रेमचंदांवरच्या दहाव्या टिपणाऐवजी असा एक सूचनासंच करून कारखान्याकडे नेऊन दाखवावा. पहिल्यांदा चहा मिळेल, पैसे नाहीत. दुसऱ्यांदा कदाचित मिळतील.

संगणकाचे काय, हा प्रश्न आता प्रत्येक पालक विचारतो. यंत्र भाषांतर करते मग माणूस कशाला? प्रश्न रास्त आहे. साधी, सरधोपट भाषांतरे यंत्राकडे गेली आहेत आणि ती परत येणार नाहीत. शब्दागणिक मिळणारा दर आधीच कमी होता, काही पैशांपासून दीड-दोन रुपयांपर्यंत, त्यावर आणखी दाब आला आहे. पण हीच यंत्रे शिकवायला भाषेची सामग्री लागते, आणि ती सामग्री बोलणाऱ्यांकडून येते. केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचा वाणी हा प्रकल्प देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलण्याचे नमुने गोळा करण्यासाठी आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे भाषिक सामग्रीचा मोठा संग्रह आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून नमुने सर्वांसाठी खुले केले आहेत.

आता जालन्याचेच बघा. परतूर-मंठ्याकडे ‘जायलाय’ ऐकू येते, भोकरदन-जाफराबादकडे वऱ्हाडाचे वारे लागून बोलणे वेगळ्या वळणावर जाते, शहरात दखनी आणि मारवाडी आहे, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरबोली आहे. ध्वनिमुद्रित बोलणे लिहून काढताना हे प्रमाण मराठीत सरळ करायचे की जसेच्या तसे ठेवायचे? ठेवायचे तर कोणत्या खुणा वापरायच्या? हे ठरवणे म्हणजे भाषाविज्ञान. जो पेपर कशाला असतो असे मुले विचारत होती, तो यासाठी असतो. स्वन, स्वनिम, रूपिका पाठ करून परीक्षेनंतर विसरण्याऐवजी आपल्या आजीचे दहा मिनिटांचे बोलणे टिपून त्याचे लिप्यंतर करावे. मग तो पेपर आपोआप समजतो. नुसते आवाज देण्याचे किंवा ऐकून टंकित करण्याचे काम हंगामी असते, त्याला नोकरी समजू नये. नियम लिहिणारा, तपासणारा, दोन बोलींतला फरक ओळखणारा माणूस मात्र टिकतो. ज्याला यातच रस वाटेल त्याने डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञान घेऊन एम.ए. करावे किंवा हैदराबाद विद्यापीठातल्या उपयोजित भाषाविज्ञान व अनुवाद केंद्राचा विचार करावा. आमच्या मुलांना पुणे जवळचे वाटते आणि हैदराबाद परदेश. रेल्वे तर जालन्याहून थेट तिकडे जाते.

गोरबोलीबद्दल एक वाक्य जास्त. तांड्यावरून शाळेत आलेले मूल पहिलीत मराठी ऐकून गप्प होते, आणि गुरुजी त्याला मंद समजतात. गोरबोली घरात बोलणारा, मराठीचा पदवीधर असलेला तरुण शिक्षक या मुलासाठी काय करू शकतो, हे कोणत्याही पगारपत्रकात बसत नाही. टीईटी आणि शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या गुणांत ते मोजले जात नाही याची मला कल्पना आहे. तरीही बंजारा विद्यार्थ्यांनी आपली बोली ही लपवण्याची गोष्ट न मानता अर्जात लिहावी.

बाकीच्या वाटांवर मी फार रेंगाळत नाही, कारण त्यांची माहिती सगळीकडे मिळते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिथे मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि निबंधाचा वेगळा पेपर आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला हा बदल अनुकूल आहे. पण पाच वर्षांची अभ्यासिका ही योजना नव्हे, ती जोड असू शकते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणून मराठी न येणाऱ्यांना मराठी शिकवण्याचे वेगळे तंत्र लागते. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेसाठी केलेली माय मराठी ही पुस्तके त्यासाठी पाहावीत. जालन्यातल्या बँकांत परप्रांतातून आलेले अधिकारी आहेत, त्यांना बोलती मराठी शिकवणारा एकही वर्ग माझ्या पाहण्यात नाही. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागांत प्रासंगिक वृत्तनिवेदक-भाषांतरकाराची कामे असतात. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये करार केला आणि १० हजार तरुणांना जर्मन शिकवून पाठवण्याचे ठरवले. ती संधी मुख्यतः हाताने काम करणाऱ्या कुशल कामगारांची आहे, तिथे भाषेच्या पदवीधराचा उपयोग शिकवणारा म्हणून होऊ शकतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. आनंद मलाही झाला. त्या निर्णयाने जाफराबादच्या मुलाला थेट काम मिळेल अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये.

आता महाविद्यालयांना दोन शब्द. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण घातले, म्हणजे सुमारे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. भाषा विभागांनी याचे काय केले? बहुतेक ठिकाणी विद्यार्थी ओळखीच्या दुकानाचा किंवा शाळेचा शिक्का आणतो, आम्ही सही करतो, गुण चढतात. आमची अडचण खरी आहे: या तासांसाठी मुलांना कुठे पाठवायचे ते आम्हालाच माहीत नव्हते. या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात जिल्ह्यातली अशी ठिकाणे कोणत्या प्रकारची आहेत आणि तिथे भाषेच्या मुलाने नेमके काय करावे, हे तालुकावार मांडले आहे. विभागप्रमुखांनी निदान तेवढी पाने वाचावीत. एक पत्र लिहायला, एका तहसीलदाराला किंवा एका वकील संघाला भेटायला अर्धा दिवस लागतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही सरांची वाट पाहू नका. दुसऱ्या सत्रातले ते १२० तास शिक्क्यासाठी घालवू नका. रेकॉर्ड रूमला अर्ज करा, वकिलाच्या कार्यालयात विचारा, बियाण्याच्या कंपनीच्या दारात आपण नव्याने लिहिलेले एक माहितीपत्रक घेऊन उभे राहा. अर्जाचा नमुना शेवटच्या पानांवर दिला आहे. तो उतरवून काढू नका. तुमच्या शब्दांत पुन्हा लिहा आणि पाठवण्याआधी वर्गातल्या एकाला तरी वाचायला द्या.